दुसरा फटका

मी एका माणसाचा हात मोडला आहे. चेन्नईत, मैलापूरच्या भर रस्त्यात, सकाळी सव्वादहाला, पन्नासेक लोकांच्या देखत. तेव्हा मी शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवत होते आणि वर्गात कुणावर साधा हातही उगारत नव्हते.

गोष्ट दोन हजार आठची. लग्न करून पुण्याहून चेन्नईला आले त्याला दहा वर्षं होऊन गेली होती. सासरची माणसं तंजावरकडची मराठी. नवरा कामासाठी परदेशात, त्यामुळे घरात मी आणि सासरे, दोघंच. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. मी त्यांना अप्पा म्हणायचे. गाडी त्यांचीच होती, नऊ वर्षं जुनी, पण चालवायचे मी.

त्या वर्षी गाडी बिघडली ती विचित्र तऱ्हेनं. कडकडीत उन्हात वायपर सुरू व्हायचे. उभ्या गाडीचे दरवाजे खटाखट लागायचे, उघडायचे. एकदा पार्किंगमध्ये हॉर्न आपोआप वाजायला लागला आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बनियनवरच धावत आले. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियननं आधी हॉर्न बदलला, मग स्टिअरिंगवरचं बटण, मग रिले. प्रत्येक वेळी चार दिवस बरे गेले की पुन्हा तेच.

त्या सकाळी अप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते. उजव्या डोळ्यावर प्लॅस्टिकची जाळीदार वाटी चिकटवलेली, वरून काळा चष्मा. सिग्नलला आमच्या पुढे पाण्याच्या कॅनची व्हॅन उभी होती. सिग्नल लाल होता. आणि हॉर्न सुरू झाला.

मी बटण दाबलं, सोडलं, बुक्क्या मारल्या. हॉर्न थांबेना. हेडलाइटही लुकलुकायला लागले. व्हॅनच्या ड्रायव्हरनं आधी आरशातून पाहिलं, मग हात बाहेर काढून खूण केली, मग उतरला. तिशीचा, काळासावळा, आडव्या बांध्याचा माणूस. "हॉर्न निरुत्तु!" बंद कर म्हणून ओरडत आला आणि बॉनेटवर दोन्ही हातांनी दणका घातला.

काच खाली करायला गेले तर काचांची बटणं मेलेली. म्हणून मी दार उघडून बाहेर आले. "बिघाड आहे, मी वाजवत नाही," असं मी तमिळमध्ये सांगत होते, पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. मागे दार आपटलं आणि चारी लॉक एकदम बसले. चावी आत. अप्पा आत.

त्याला वाटलं, मी त्याची थट्टा करतेय. उतरले, दार लावलं, आणि हॉर्न चालूच. त्यानं माझ्या कानाखाली मारली. पहिली चापट मला लागली त्यापेक्षा कळली जास्त. दुसरीला मात्र मी गाडीवर आदळले, ओठ फुटला आणि तोंडात रक्ताची चव आली. लहानपणापासून मला कुणी मारलं नव्हतं. लोक बघत होते. मधे कुणी पडलं नाही.

आत अप्पा दाराशी झटत होते. लॉकचं बटण ते वर ओढायचे आणि मोटर ते पुन्हा खाली खेचायची. घामानं त्यांचा चष्मा घसरला होता. मी काचेवर हात आपटत "अप्पा, अप्पा" करत होते. तेवढ्यात तो माणूस व्हॅनकडे पळाला आणि चाकं खोलायचा पाना घेऊन आला. हातभर लांबीचा, लोखंडी. मला बाजूला ढकलून त्यानं अप्पांच्या बाजूची काच एका दणक्यात फोडली. काचेचे तुकडे अप्पांच्या मांडीवर, छातीवर, त्या डोळ्यावरच्या वाटीवर उडालेले मला दिसले. पाना खाली टाकून त्यानं आत हात घातला.

पाना मी उचलला. तो माणूस वाकलेला होता, डावा हात दाराच्या काठावर टेकलेला. मी कोपराजवळ मारलं. तो किंचाळून मागे सरकला, हात पोटाशी धरून खाली बसला. तिथं संपायला हवं होतं. मी एक पाऊल पुढं टाकलं, पाना पुन्हा वर नेला आणि नेम धरून त्याच जागी मारला. हाड मोडल्याचा आवाज त्या हॉर्नमधूनही मला आला, की हातातून कळला, ते आजही सांगता येणार नाही.

मग गर्दीला चेव चढला. इतका वेळ उभे असलेले लोक "बाईवर हात टाकतो" म्हणत त्याच्यावर तुटून पडले. लाथा, चपला, कुणाचं तरी हेल्मेट. तो मोडका हात छातीखाली दाबून रस्त्यावर कुशीवर पडला होता. मी पाना धरून उभी होते. थांबवलं नाही.

एका रिक्षावाल्यानं फुटक्या काचेतून आत हात घालून बॉनेटचा खटका ओढला आणि बॅटरीची वायर उपटली. हॉर्न बंद झाला. त्या शांततेत लोक हळूहळू मागे सरले. "पोदुम मा," रिक्षावाला मला म्हणाला, पुरे आता. आणि माझी बोटं एकेक करून सोडवत त्यानं पाना काढून घेतला.

अप्पांचा डोळा वाचला. गालावर दोन टाके पडले. त्या माणसाच्या हातात धातूची पट्टी आणि स्क्रू बसले, दोन बरगड्यांना चीर गेली. पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टरनं दोघांची तक्रार ऐकून घेतली आणि समेट करायला सांगितलं. आम्ही दोघांनीही सही केली. त्याची उजव्या हाताची होती, ठसठशीत.

घरी आल्यावर अप्पा चष्मा काढून बसले. मग म्हणाले, "तेनं काच फोडायच्या आधी मला सांगटलं, पोरी. मुगत्त तिरुप्पु तात्ता, म्हणून. आजोबा, तोंड फिरवा. मी फिरवलं, म्हणून डोळा राहिला."

"तुम्हाला बाहेर ओढायला आला नव्हता?"

"माहीत नाही. लॉक चाचपत होता तो."



गाडी दुरुस्त करायला मी मंदैवेलीच्या एका गल्लीतल्या शेडमध्ये नेली, टो करून. मेकॅनिक पन्नाशीचा, आधी जहाजावर वायरमन होता. त्यानं काहीही बदलण्याआधी मला टॉर्च धरायला लावली, स्टिअरिंगखालचं पॅनेल काढलं आणि समोरच्या काचेच्या बुडाशी मगभर पाणी ओतलं. आम्ही वाट पाहिली. मिनिटाभरानं एक थेंब वायरींच्या जुडग्यावरून घरंगळत आला आणि डब्याएवढ्या काळ्या पेटीवर पडला.

"हे बॉडी कंट्रोल मॉड्यूल," तो म्हणाला. "हॉर्न, लॉक, वायपर, दिवे, सगळ्यांना हुकूम हेच देतं. काचेच्या कडेचं रबर कुजलंय. कित्येक पावसाळे पाणी खातंय बिचारं."

प्लग काढला तर पिना हिरव्या पडलेल्या होत्या.

त्यानं आधी गळती बंद केली. नवीन मॉड्यूल मिळत नव्हतं. कंपनीनं ते बनवणं थांबवलं होतं. लेबलवरचा नंबर लिहून घेऊन तो पुदुपेटच्या जुन्या मालाच्या बाजारात गेला आणि मागून ठोकलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीतलं कोरडं मॉड्यूल घेऊन आला. बॅटरी सोडून, थोडं थांबून, एकेक प्लग लावला. बॅटरी जोडली. इंजिन फिरलं, पण पेट घेईना.

"हे अजून त्या गाडीतच आहे," तो म्हणाला. "आपली चावी ओळखत नाही."

दुसऱ्या दिवशी अप्पांनी गाडीच्या जुन्या कागदांत कोडचं कार्ड शोधलं. लॅपटॉपवाला माणूस आला, त्यानं दोन्ही चाव्या मॉड्यूलला ओळखायला शिकवल्या. इंजिन सुरू झालं. लॉक एकदा लागले, एकदा उघडले, आणि सांगितल्याशिवाय पुन्हा हलले नाहीत.

जुनी पेटी बाकावर पडली होती. मी ती मागून घेतली, फरशीवर ठेवली आणि हातोडीनं मारायला लागले. झाकण फुटलं, आतली सर्किटची हिरवी पाटी तडकली, तुकडे शेडभर उडाले. ओठावरची जखम पुन्हा उघडली तरी मी मारत होते. मेकॅनिकनं मला अडवलं नाही. मी थकून थांबल्यावर म्हणाला, "ते भिजलं होतं फक्त, टीचर."

पुढच्या रविवारी मी अप्पांना घेऊन त्या ड्रायव्हरच्या घरी गेले. पत्ता समेटाच्या कागदावर होता. तळमजल्यावर एक खोली, बाहेर रिकामे कॅन रचलेले. त्याच्या बायकोनं आम्हाला आत घेतलं, पण पाणी विचारलं नाही. तो खाटेवर बसला होता, हात गळ्यात.

मी मॉड्यूलचं सगळं सांगितलं. गळती, पिना, आपोआप वाजणारा हॉर्न. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे तुम्ही वाजवत नव्हता."

"नाही."

"मी तुम्हाला मारलं ते चुकलं," तो म्हणाला. बायकोकडे न बघता म्हणाला. "आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही." मग माझ्याकडे बघून, "पहिला फटका मला समजतो. तात्ताला मारतोय असं वाटलं असेल. पण मी खाली बसलो होतो, टीचर. दुसरा का?"

घरून मी बरीच वाक्यं ठरवून आले होते. ती सोडून दिली.

"मला मारायचं होतं," मी म्हणाले.

त्याची बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. तो खाली मान घालून बोटं हलवत राहिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हलत नव्हतं.

अप्पा उठून त्याच्या शेजारी खाटेवर जाऊन बसले. रोज फिजिओथेरपीला कुठं जावं लागतं, किती वाजता, ते त्यांनी विचारलं. जनरल हॉस्पिटल, सकाळी आठ, दोन बस बदलून. "आठला माझी शाळा असते," मी म्हणाले, "पण साडेसहाला निघालो तर सोडून पुढं जाता येईल."

बायकोनंच विचारलं, "गाडीतून?"

"गाडीतून."

अकरा आठवडे तो माझ्या मागच्या सीटवर बसून गेला. हात पूर्ण सरळ कधीच झाला नाही.