अकोल्याला वेळेवर पोचायचं होतं

निसार सर गेल्याचा मेसेज क्लासच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी अकोल्यात शाळेत शिकवायला निघायच्या गडबडीत होते. दोनदा वाचला... खरं वाटेना. आठवड्यापूर्वीच तर स्क्रीनवरून त्यांनी मला झापलं होतं!

चाळिशी ओलांडून मी विद्यापीठाच्या ऑनलाइन एम.ए. संगीताला नाव घातलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "फोनवर कोनी पोहाले शिकते काय?" त्यांचं अगदीच चूक नव्हतं. सर अमरावतीत तबला घेऊन बसत, मी इकडे तानपुरा लावून. त्यांचा ठेका माझ्यापर्यंत उशिरा यायचा, माझा सूर त्यांच्यापर्यंत आणखी उशिरा. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दोघांनी एकत्र गाठायची. आमची चुकामूक ठरलेली. मग मी युक्ती काढली, जरा आधीच गायचं. सर खूश! फक्त संथ सुरू झालेला ख्याल शेवटी पळत सुटायचा आणि मी नेटवर्कला लाखोली वाहायची.

मग आली प्रात्यक्षिक परीक्षा, अमरावतीत, समोरासमोर. पदवी तिच्यावरच अडकलेली. साथीला सर. मी सवयीनं पुढे धावले आणि त्यांच्या आधीच समेवर जाऊन उभी! परीक्षकांच्या भुवया वर गेल्या. सरांनी हात थांबवला. "बाई, एवढी घाई काहून करून राहिल्या? मी तं समोरच बसून आहो नं!" परीक्षक हसले, पुन्हा गा म्हणाले. आणि काय सांगू... आमची सम पहिल्यांदाच एका क्षणाला पडली! अंगावर सर्रकन काटा आला. परीक्षेचं भान विसरून सरच ओरडले, "क्या बात!" मी पास झाले, तरी सरांचा ऑनलाइन क्लास सोडला नाही. परतीच्या गाडीत अकोल्यापर्यंत गात होते, शेजारणीनं जागा बदलली तरी.

परवा अमरावतीला सरांच्या पत्नीला, भाभींना भेटायला गेले. त्यांनी सरांची खोली उघडली. तबले गवसणीत होते. मी परीक्षेचा किस्सा सांगितला, तशा भाभी हसल्या.

"त्यायचंबी तेच होतं. घरी येनाऱ्या पोरायले आरामात शिकवत. तुमचा क्लास लागला का हाताले घाई! मी टोकलं तं म्हनत, 'जरा आधी निघालो तरच बाईले अकोल्यात टायमावर भेटीन.'"

म्हणजे ख्याल पळायचा, त्यात बिचाऱ्या नेटवर्कचा एवढा दोष नव्हताच. इतके दिवस आम्ही दोघंही एकमेकांसाठी आधी निघत होतो... भाभींच्या खांद्यावर डोकं ठेवून मी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले.