मोठ्या जावयांचं यान

सासरी त्यांना सगळे मोठे जावई म्हणायचे आणि त्यांच्या साडूला धाकटे जावई. मोठे कवळ्या बनवायचे. दाताच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे, त्यावरून हे दात घडवायचे. त्या कामात हात इतका बसलेला, की डोळे मिटूनही दाढ घडवतील, असं त्यांची बायको कौतुकानं सांगायची. मग हळूच पुस्ती जोडायची, की घरातला गळका नळ मात्र यांच्याच्यानं दुरुस्त होत नाही.

नोकरीतून उरलेला सगळा वेळ मोठ्यांनी मागच्या खोलीला दिला होता. तिथे खिडकीखालच्या टेबलावर ते अंतराळयानांची मॉडेलं जोडत. कधीही न उडालेली, कुणाच्या तरी कल्पनेतून आलेली यानं. त्या वर्षी त्यांनी आजवरचं सर्वांत मोठं यान मागवलं. दूरच्या ग्रहांवरून खनिज वाहून आणणारं, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरणारं, आणि सगळं रेझिनचं, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकचं. रेझिन म्हणजे डोक्याला ताप. भाग जड, कुठे वाकलेले, कुठे बुडबुड्यांची भोकं. मोठ्यांना नेमकं तेच आवडायचं. वाकलेला पंख गरम पाण्यात बुडवून सरळ करायचा, जड भागाला भोक पाडून पितळी तारेची खीळ बसवायची, मास्क लावून घासत बसायचं.

एका रविवारी साडू घरी आले. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. बोलके, हसरे, जिथं जातील तिथं खुर्ची ओढून बसणारे. त्यांनी यानाभोवती एक चक्कर मारली.

"दादा, याच्या पोटात काय असतं?"

"काही नसतं. बाहेरून दिसतं तेवढंच."

"मग माणसं राहतात कुठं?"

मोठे हसले. उत्तर देण्यासारखा प्रश्न त्यांना वाटला नाही.

थोड्याच महिन्यांत कळलं, की धाकट्यांनीही तेच यान मागवलंय. मोठ्यांच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. जगात इतके छंद पडलेत, याला माझाच कसा सापडला? तोंडानं मात्र ते म्हणाले, "छान केलंत. काही अडलं तर विचारा."

धाकट्यांचं पावलोपावली अडायचं आणि ते मोकळेपणानं विचारायचे. मोठ्यांनीही हातचं न राखता शिकवलं. शिकवताना एक गोड समाधान असायचं, की हा अजून आपल्या कितीतरी मागे आहे.

मग एक दिवस धाकटे आपलं यान चादरीत गुंडाळून घेऊन आले. त्यांनी त्याची कूस करवतीनं कापून मोकळी केली होती. आत मजले, शिड्या, नखाएवढे बिछाने. लिफ्टच्या जुन्या बटणांतले दिवे काढून त्यांनी आत पिवळा उजेड केला होता. मोठ्यांची बायको चहा झाल्याचं सांगायला दारात आली होती. इतक्या वर्षांत ती त्या खोलीत दाराच्या आत क्वचितच यायची. त्या दिवशी तिनं चष्मा आणला, स्टूल ओढलं आणि यानाच्या पोटात डोकावत बसली.

"अहो, हे बघा, यांनी आत कपडे वाळत घातलेत," ती म्हणाली. चहा पार निवून गेला.

मोठ्यांचं यान शेजारीच होतं. गुळगुळीत, एक सांधा दिसू नये असं. तिकडे तिची पाठ होती.

"आता रंगच राहिला, दादा," धाकटे म्हणाले. "सरळ मारू ना?"

रेझिनचा भाग साच्यातून सुटावा म्हणून त्यावर तेलकट थर असतो. तो साबणानं घासून काढला नाही, तर रंग धरत नाही. मोठ्यांना हे दाढ घडवण्याइतकं पक्कं ठाऊक होतं.

"मारा," ते म्हणाले.

वाचनालयाच्या सभागृहात मॉडेलांचं प्रदर्शन आणि स्पर्धा होती. धाकट्यांचं यान आलं ते रंगाचे पोपडे सुटलेलंच. कुशीवर, शेपटीवर, जागोजागी खालचं तपकिरी रेझिन उघडं पडलं होतं. मोठ्यांना क्षणभर अगदी आतून बरं वाटलं. पण लोक थबकायला लागले. यान खरोखर वर्षानुवर्षं धूळ खात, उल्का झेलत फिरून आल्यासारखं दिसत होतं. परीक्षकबाई वाकून वाकून बघत होत्या.

"रंग इतका खरा कसा उडवलात?"

"मी कुठला उडवतोय, आपोआप उडाला," धाकटे म्हणाले. त्यावर बाई आणखीच खूश झाल्या.

मोठ्यांच्या टेबलापाशी त्या म्हणाल्या, "सुंदर. अगदी खोक्यावरच्या चित्रासारखं." तोंडात मारल्यासारखे मोठे उभे राहिले. पहिलं बक्षीस साडूंना मिळालं.

घरी येताना बायकोनं विचारलं, "त्यांचा रंग का उडाला?"

"धुतलं नसेल."

"तुम्ही तर बादली भरून घासत बसता. मला न्हाणीघर मिळत नाही. त्यांना सांगितलं नव्हतंत?"

"त्यांनी विचारलं नाही."

 घरी पोचल्यावर तिनं त्यांचं पान वाढून ठेवलं आणि स्वतः आत जाऊन जेवली.

पुढच्या आठवड्यात मोठे साडूंकडे गेले. धाकटे जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले होते, यान जवळजवळ उघडंबोडकं झालं होतं.

"थांबतच नाही हो, दादा. हात लावला की सुटतोय."

"आधी धुवायचं असतं," मोठे म्हणाले. "मला माहीत होतं. मुद्दाम बोललो नाही."

धाकट्यांचं हसू गेलं. मोठ्यांनी ते असं गेलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"का?"

"ही तुमच्या यानापाशी बसली होती. माझ्यापाशी कधी बसली नाही."

धाकटे बराच वेळ पोपडे गोळा करत राहिले. मग उठून त्यांनी बादली आणली आणि मोठ्यांच्या पुढ्यात आदळली. "घ्या. तुम्हीच घासा."

मोठ्यांनी घासलं. दिवे सोडवून बाजूला ठेवले, प्रत्येक मजला जुन्या टूथब्रशनं धुतला. ते नखाएवढे बिछाने बोटांवर घेताना त्यांना पुन्हा जळजळ झाली, पण हात थांबला नाही. नवा रंग पक्का बसला. आधीसारखा मात्र दिसला नाही, आणि धाकट्यांनी ते तोंडावर ऐकवलं.

नंतर मोठ्यांनीही आपल्या यानाला करवत लावली. पहिल्याच कापात कड तडकली. कशीबशी आत एक खोली झाली. त्यांनी बायकोला हाक मारली.

तिनं चष्मा लावून आत पाहिलं. "स्वच्छ आहे. पण इथं कुणी राहतंय असं वाटत नाही."

मोठ्यांना राग आला. तो गिळून त्यांनी विचारलं, "मग काय करू?"

"आधी एक दार करा. नीट न लागणारं. खाली पाचर लावलेलं."

त्यांनी ते केलं. मग ती रोज काहीतरी सुचवायला लागली. भिंतीवरचा चहाचा डाग, उसवलेली गादी, एकच चप्पल.

धाकटे बघायला आले तेव्हा त्या पाचरीपाशी त्यांची नजर अडली. "हे कुणाला सुचलं?"

"हिला," मोठे म्हणाले.

 धाकट्यांनी नेहमीसारखी खुर्ची ओढली नाही, नुसते उभे राहून बघत राहिले. आता जळायची पाळी त्यांची होती, आणि मोठ्यांना ते फार आवडलं.