वरून रिकामं दिसणारं मैदान

गच्चीवाल्याला उंचीची भीती वाटते. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तरी त्याच्या तळपायांना घाम सुटतो. गच्चीवर तो बरोबर मधोमध, पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसतो. कठड्याच्या वाटेला जात नाही. तिथे बसून तो अंगठ्यांनी रिमोटच्या दोन दांड्या हलवतो आणि त्याचं ड्रोन शहरावर फिरतं. जी उंची तो जन्मात कधी चढला नाही, ती विकून त्याचं पोट भरतं.

त्याआधी त्याचा फोटो स्टुडिओ होता. निळा पडदा, एक स्टूल, दोन दिवे. बारा वर्षं तो लोकांना सांगत राहिला, “हनुवटी वर घ्या. हसू नका.” मग लोक आपापले फोटो आपणच काढू लागले आणि हसू लागले. स्टुडिओ बंद झाला. पडदा घरच्या खिडकीला गेला.

ड्रोनने त्याला एक गोष्ट फार लवकर शिकवली. शंभर मीटरवरून सगळ्यांचं बरं चाललेलं असतं. उघडं गटार उन्हात चांदीच्या पट्टीसारखं चमकतं. शेवाळलेलं तळं गालिचा होतं. एकमेकांची तोंडं न पाहणारे भाऊ एकाच छपराखाली राहतात, एवढंच दिसतं. म्हणून लोक त्याच्याकडे येऊ लागले. शाळेचे मुख्याध्यापक आले, बिल्डर आला, साठी पूर्ण केलेले डॉक्टर आले. सगळे एकच म्हणत, “आमची गोष्ट सांगा.” गोष्ट ठरलेली असे. सुरुवात बुटांपासून, मग हळूहळू वर, खांद्यावरून, छपरावरून, थेट सूर्यात. त्या चढणीत डॉक्टर आधी अंगठ्याएवढे झाले, मग मुंगीएवढे, मग उरलेच नाहीत. डॉक्टरांच्या बायकोने तेवढाच भाग पुन्हा पुन्हा लावून पाहिला आणि खूप छान झालंय म्हणाली.

त्याच्या धंद्यात अडचण एकच होती, माणसं. ड्रोनचा आवाज आला की माणूस वर बघतो, आणि वर बघताना त्याचं तोंड उघडतं. कुणी हात हलवतं. कुणी उगाच बादली लपवतं. सूर्यास्ताचा शॉट चाललाय आणि खाली शंभर माणसं दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखी आ वासून उभी. म्हणून त्याने एक पद्धत पाडून घेतली. ड्रोन उडवण्याआधी तो ओरडायचा, “सगळ्यांनी आत जा! तीन मिनिटं!” लोक आत जात. शहर मोकळं होई. मग तो शहराची गोष्ट सांगे.

सुशोभीकरण समितीने त्याला बोलावलं तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. समितीला अख्ख्या शहराची फिल्म हवी होती. “पाहणाऱ्याला इथे राहावंसं वाटलं पाहिजे,” अध्यक्ष म्हणाले. ते स्वतः शहराबाहेर राहत होते.

पहिला शॉट कुठला घ्यायचा यावर गच्चीवाल्याला विचार करावा लागला नाही. आत्याचं मैदान.

आत्याची लाँड्री म्हणजे मागे दोन भट्ट्या, एक पत्र्याची शेड आणि पुढे दोऱ्याच दोऱ्या बांधलेलं मैदान. हॉस्पिटलच्या चादरी, लॉजच्या चादरी, दोन शाळांचे निळे गणवेश. आत्या धरून चौदा माणसं. गच्चीवाल्याच्या आईवडिलांच्या नोकऱ्या सतत बदलीच्या, म्हणून तिसरीपासून तो इथेच वाढला. शाळेतून आला की दप्तर शेडमध्ये टाकायचं आणि चादरीचं दुसरं टोक धरायचं, हे त्याचं काम. चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, चालत एकमेकांकडे यायचं, टोकं द्यायची, पुन्हा मागे जायचं. आत्याने त्याला मोठं केलं ते असंच. एक पाऊल जवळ, एक पाऊल लांब.

“आत्या, सगळ्यांना शेडमध्ये घे. तीन मिनिटं.”

“आणि मी?”

“तू पण.”

“का रे? मी काय फिल्मला नजर लावणार?”

“अगं, वरून तुझा नुसता भांग दिसेल.”

“मग भांग घे. नीट पाडलाय आज.”

इस्त्रीवाले काका शेडमधून म्हणाले, “माझं टक्कल घे रे, चमकेल चांगलं.”

सगळे हसले आणि आत गेले. निळे गणवेशही काढायला लावले, कारण चित्रात डाग दिसतो. उरल्या चारशे पांढऱ्या चादरी. वारा आला तेव्हा त्या एकदम फुगल्या, आणि गच्चीवर टाकीला टेकलेला तो माणूस ड्रोन उतरवायचं विसरला. तीन मिनिटांची अकरा मिनिटं झाली. शेडमध्ये भट्टीच्या उष्णतेने चौदा माणसं उकडून निघाली, पण कुणी बाहेर डोकावलं नाही. घरचाच पोरगा होता.

फिल्म सगळ्यांना आवडली. समितीने टाळ्या वाजवल्या. मग अध्यक्षांनी ती मागे नेऊन पुन्हा दाखवायला लावली. बारावं सेकंद ते एक्केचाळिसावं सेकंद.

“एवढी मोठी जागा, आणि एक माणूस नाही? कुणाची आहे?”

“आहे सर, तिथे लाँड्री…”

“लाँड्रीत माणसं असतात,” अध्यक्ष त्याला समजावत म्हणाले. “इथे कुठे दिसतायत?”

आठवड्याने आत्याच्या हातात नोटीस पडली. ‘सदर जागा वापरात नसल्याचे चित्रफितीवरून स्पष्ट झाल्याने’ तिथे शुभ्र चौक होणार होता. फरशी, कारंजं आणि पांढरी फायबरची कबुतरं. हरकत असल्यास पंधरा दिवसांत पुराव्यासह कळवावे. पुरावा म्हणून समितीने जोडलेल्या छायाचित्राखाली कोपऱ्यात बारीक अक्षरात गच्चीवाल्याचं नाव होतं.

आत्याने नोटीस वाचली, घडी घातली, उलगडली, पुन्हा वाचली. “म्हणजे तू सांगितलंस म्हणून आम्ही आत गेलो, आणि आत गेलो म्हणून आम्ही नाहीच?”

त्याने छायाचित्राखालच्या आपल्या नावावर अंगठा ठेवला.

“अरे, बोल की. एरवी फिल्ममध्ये केवढा तो आवाज लावतोस. ‘हे शहर श्वास घेतं.’ घे आता श्वास.”

काका म्हणाले, “तरी मी म्हणत होतो, टक्कल घे. तेवढा एक पुरावा राहिला असता.”

या वेळी कुणी हसलं नाही. भट्टी इथून हलवायची तर कुठे, आणि मैदान नसेल तर ओल्या चादरी घालायच्या कशावर? चौदा घरांची चूल या दोऱ्यांवर टांगलेली होती.

दुसऱ्या दिवशी गच्चीवाल्याने आयुष्यात प्रथमच ओरडून सांगितलं, “सगळ्यांनी बाहेर या! वर बघा!” ते बाहेर आले आणि लाजले. वर बघा म्हटल्यावर जमिनीकडे बघू लागले. ड्रोन डोक्यावर पुरुषभर उंचीवर आणलं तेव्हा कुठे एकेक चेहरा उघडला. नीळ लागलेले हात, वाफेने सुजलेल्या पापण्या, आ वासलेली तोंडं. आत्या मात्र कमरेवर हात ठेवून अशी बघत होती, जणू ड्रोनने गृहपाठ केला नव्हता.

सुनावणीला त्याने ही दुसरी फिल्म दाखवली. दिवे लागल्यावर अध्यक्षांनी चष्मा पुसला.

“पहिल्यात काव्य होतं,” अध्यक्ष म्हणाले. “यात माणसं फार आहेत.”

“सर, तेच तर दाखवायचं होतं.”

“दिसलं ना. आता पहिली लावा.”

पहिली पुन्हा लागली. चादरी फुगल्या. समितीतल्या एक बाई हळूच म्हणाल्या, “चौक केला तर हे दृश्य जाईल हो.” सगळ्यांच्या तोंडून हळहळ निघाली. दृश्य जाता कामा नये यावर एकमत व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आत्या मागच्या बाकावर बसून ऐकत होती. आपण वाचलो की नाही, हे तिला कळेना.

मैदान वाचलं. निर्णयात ते ‘जिवंत दृश्य’ म्हणून राखून ठेवलं गेलं. अटी तीन. दोऱ्यांवर फक्त पांढरे कपडे असावेत. दृश्यात माणसं येऊ नयेत. आणि फायबरची कबुतरं रद्द झाल्याने खरी कबुतरं येतील असं पाहावं. पाहणी दरमहा ड्रोनने. निरीक्षक म्हणून समितीने, विषयाची जाण लक्षात घेऊन, गच्चीवाल्याची नेमणूक केली.

“वा,” आत्या म्हणाली. “दोरीवर निळी चड्डी दिसली की तू माझी तक्रार करणार. आणि गणवेश कुठे वाळवू, तुझ्या टाकीवर?”

महिन्याने तो गच्चीवर बसला. मांडीवर समितीचा छापील तक्ता. खाली दोन शाळांचे निळे गणवेश दोऱ्यांवर, आणि मधून चौदा माणसं ये-जा करतायत. आज कुणी आत गेलं नव्हतं. त्यानेही ओरडून सांगितलं नाही. ड्रोन जितकं वर नेता येतं तितकं त्याने नेलं. कॅमेऱ्यात उजेड जास्त सोडला, आणखी सोडला. निळा आधी फिका झाला, मग राखाडी, मग पांढरा. डॉक्टरांसाठी शिकलेली सगळी कला त्याने आत्यासाठी वापरली. पडद्यावर पांढरं शुभ्र मैदान आणि त्यात हलणारे काही ठिपके.

रंगीत कपडे: आढळले नाहीत. माणसे: आढळली नाहीत. कबुतरे: चौदा.

समितीने अभिनंदनाचं पत्र पाठवलं. कबुतरं इतक्या लवकर येतील असं कुणाला वाटलं नव्हतं.

पुढच्या पाहणीच्या दिवशी ड्रोन वर सोडून, रिमोट आणि पत्र घेऊन तो मैदानात गेला. आत्याने चष्मा लावून सावकाश वाचलं.

“म्हणजे मी कबूतर?”

“हो.”

“काका पण?”

“काका पण.”

“दाणे टाकतंय का कुणी?” काका शेडमधून ओरडले.

आत्याने पत्र कमरेला खोचलं, दोरीवरची चादर ओढली आणि दोन कोपरे हातात घेऊन उभी राहिली. उरलेले दोन वाऱ्यावर फडफडत होते. “बघत काय उभा राहिलास? दुसरं टोक धर.”

ड्रोन अजून वर होतं. बॅटरी संपत आली होती, आणि संपत आली की ते आपोआप गच्चीवर उतरतं. त्याने रिमोट जमिनीवर ठेवला आणि टोक धरलं. ताणलं. एक पाऊल पुढे, टोकं दिली, एक पाऊल मागे.

त्या महिन्याच्या अहवालात कबुतरं पंधरा होती.