विहिरीतली हिरवी आसरा

गाढवपणे माझ्या हातून पुष्कळ झाले, पण अख्ख्या वाडीला ओंजळीनं पाजला असा हा एकच.

एस.टी. नुकती पोलादपुराहून आमच्या फाट्यापर्यंत यायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. आमची वाडी डोंगराच्या अंगावर. घरं पंधरा, विहीर एक. त्या वर्षी पाऊस सरला आणि घराघरात जुलाब लागले. माझा नातू दहा महिन्यांचा. रडायचाही थांबला होता. नुसता आढ्याकडे बघत पडायचा.

एक दिवस भर दुपारी पाण्याला गेले. सूर्य बरोबर विहिरीच्या तोंडावर. वाकून बघते तर पाणी हिरवं. शेवाळाचं हिरवं नव्हे हो, आत कुणी दिवा लावून बसल्यासारखं. कळशी वर ओढली, तर कळशीतही तेच. त्यात माझं तोंड दिसलं, तेही हिरवं, आणि मी हसत नसताना ते हसल्यासारखं वाटलं. रानात एक पाखरू बोलत नव्हतं.

भर बाराला विहिरीत कोण असतं, ते काय तुम्हाला सांगायला पाहिजे? पाण्यातल्या आसरा. आणि त्या कोपल्या की आधी लेकरं नेतात.

मी वाडी गोळा केली. "कुणीतरी पाणी बाटवलंय," म्हटलं, आणि नजर लावली माझ्या धाकट्या जावेवर, मथुरेवर. "काय गो, बाहेरची असताना शेंदलंस ना?"

"नाय गो बाय. न्हाऊन सहा दिस झाले."

"मग हे काय हाय?"

"मला काय इचारता? खाली वाका नि तिलाच इचारा."

झालं. मथुरेला विहीर बंद. बिचारी दोन दिवस खालच्या पऱ्यावरून, त्या ओढ्यावरून पाणी वाहत होती.

आणि मी ओटी भरायला निघाले. हिरवा खण, हिरव्या बांगड्या, नारळ. हिरवी झालीय म्हणजे हिरवंच मागणार, नाही का? नारळ पाण्यात सोडला, तर तो जागच्या जागी गरगर फिरत राहिला. वारा नव्हता. बायकांनी एकमेकींचे हात धरले.

मग तीर्थ, त्याच हिरव्या पाण्याचं. आधी मी प्यायले ओंजळभर, मग एकेकीला दिलं. नातवाच्या ओठाला पळी लावणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा बाई. ते पाजू नका."

आरोग्यखात्याचे साहेब. डोंगर चढून आलेले, धापा टाकत. विहिरीत डोकावले आणि हा माणूस चक्क खूश झाला.

"आलं म्हणायचं."

"कोण आलं?" मी पळी तशीच धरून विचारलं.

त्यांनी खिशातून पुडी काढली. आत लाल भुकटी. चिमूटभर तांब्यातल्या पाण्यात सोडली. लाल धागे खाली उतरता उतरता हिरवे झाले.

"विहिरीत घाण कुठनं झिरपते ते बघायचं होतं. चार दिवसांपूर्वी ही त्या फणसाच्या घरामागं, उकिरड्यात ओतली. म्हाताऱ्यांना विचारूनच. ते बरं म्हणाले."

म्हातारे म्हणजे माझे सासरे. ठार बहिरे, सगळ्यालाच बरं म्हणायचे. आणि फणस वाडीत एकाच दारात. माझ्या.

बायका पदरानं तोंडं पुसायला लागल्या.

"जाऊबाय," मथुरा म्हणाली, "तीर्थ कसं लागलं?"

साहेबांनी विहिरीत औषध टाकलं, पाणी उकळून प्यायला सांगितलं, नातवाला मीठ-साखरेचं पाणी पाजायला शिकवलं. मी उकिरडा उपसला आणि पाटीपाटीनं डोक्यावरून विहिरीच्या खालच्या उताराला नेला. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी नातू असा कडाडून रडला की मीही त्याच्याबरोबर रडले.

पण बातमी तोवर डोंगर उतरून गेली होती. हिरवी आसरा दिसली, ओटी घेतली, पोर उठवलं. खालच्या वाडीच्या तीन बाया खण-नारळ घेऊन हजर.

"बाय कुठं हाय?"

विहीर तर निवळलेली. खरं सांगायचं तर माझा उकिरडाही सांगावा लागणार. मथुरा कळशी टेकवून माझ्याकडेच बघत होती.

"आता इथं नाय ती," मी म्हणाले.

"मग गेली कुठं?"

मथुरेनं बोट केलं, सरळ माझ्या नव्या उकिरड्याकडे. "तकडं. आमच्या जाऊबायनीच नेऊन बसवलीय, डोक्यावरनं."

बाया गेल्या. हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, शेणापुढं पदर पसरला.

"जाऊबाय, तुमी उभ्याच?" मथुरा म्हणाली. "पाया पडा की."

पडले.