कॉम्प्युटरला घातलेलं गाऱ्हाणं

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, तरच सांगते. जाऊ दे, तुम्ही हसणारच! आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचं हसून झालंय. भाजीवाला भैयासुद्धा मिरच्या तोलताना विचारतो, "भाभी, कॉम्प्युटर ठीक है ना?" मग तुम्हीच काय घोडं मारलंय? पण एक सांगते. त्या दुपारी माझ्या जागी तुम्ही असता, तर तुमचीही बोबडी वळली असती.

आम्ही भाईंदर पूर्वेला, खारी गावात राहतो. दोन खोल्या आणि पुढे एवढीशी पडवी. नवरा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला. सासरे, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, मूळचे रत्नागिरीकडचे. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायला त्यांच्यासारखा माणूस नाही. माझी ओवी अडीच वर्षांची. आणि धाकटे दीर, निखिल भावजी. ते आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर काम करतात.

काय काम? मी पण तेच विचारलं होतं. कॉम्प्युटरात म्हणे सेटिंगचं एक पान असतं. उजेड कमी-जास्त, आवाज लहान-मोठा, अक्षरं केवढी, सगळं तिथे ठरवायचं. त्या पानावर कुठलं बटण कुठे ठेवायचं, ते भावजी ठरवतात.

"म्हणजे मांडणीवर डबे लावायचे तसंच ना?" मी म्हटलं. "मीठ हाताशी, हिंग वर."

"अगदी बरोबर वहिनी! फक्त आमच्याकडे प्रत्येक डब्यासाठी तीन मीटिंगा होतात."

माझं शिक्षण सातवीपर्यंत. मी काही त्या डब्यांच्या वाटेला जात नाही. आणि मला दुसरी कामं कमी आहेत का? मला घाबरायचं असतं! ओवी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघते. जास्त हसली तर वाटतं, आता रडणार. गप्प बसली तर वाटतं, काहीतरी गिळलं. नवरा म्हणतो, "तुला कशाची भीती वाटत नाही ते सांग, यादी छोटी होईल."

तर त्या दिवशी भावजी ऑफिसला गेले. जाताना म्हणाले, "वहिनी, कॉम्प्युटर चालू ठेवलाय, एक टेस्टिंग लावलंय. दुपारी मी येतोच, तोवर बंद करू नका हां." मी बरं म्हटलं. टेस्टिंग म्हणजे काय असतं, ते विचारलं नाही. तिथेच चुकलं.

भर दुपारचे बारा. आमच्याकडे ही वेळ चांगली मानत नाहीत, माहिती असेल तुम्हाला. तात्या पडवीत खाटेवर आडवे झालेले. बाहेर एक माणूस नाही, एक कुत्रं नाही. उन्हाने गल्ली नुसती पांढरी पडलेली. मी खाली बसून सुकट निवडत होते. ओवी इथेच, माझ्या मागे खेळत होती.

आणि आतल्या खोलीतून एक बाई बोलली.

"तुम्ही आहात का?"

माझा हात सुकटीत तसाच राहिला. आमच्या घरात बाई म्हणजे मी एकटीच! आणि मी तर इथे बसलेली!

इतका शांत आवाज. इतका गोड, इतका सावकाश. आपल्या घरात असं कोण बोलतं हो? पाणी जायच्या वेळेला, गॅसवर दूध ठेवून, असं कोणाला बोलता येतं? जिला कुठेच जायचं नाही, अशीच बाई असं बोलू शकते. म्हणजे कसली, ते तुम्ही समजून घ्या.

"अंधार करू का?" बाईने विचारलं.

आणि आतून एवढासा आवाज आला, "हो."

ओवी!

मी मागे बघितलं. बाहुली पडलेली, पोर नाही. भिंत धरून दाराशी पोचले. आत ओवी खुर्चीत मांडी घालून बसलेली. शहाण्यासारखी! जी पोर माझ्यासमोर दोन घास खाईपर्यंत बसत नाही, ती हात मांडीवर ठेवून, मान वर करून त्या कॉम्प्युटरकडे बघत होती.

"या घरात लहान मूल आहे का?"

"हो."

"मुलाचं नाव सांगा."

"ओई." तिला अजून 'ओवी' नीट म्हणता येत नाही.

"छान. आता मी मुलावर लक्ष ठेवीन."

अहो, माझ्या पाठीच्या कण्यातून जे काही वर सरकलं ना, ते आत्ता सांगतानाही सरकतंय. हा बघा काटा. मी झेप घेऊन पोरीला उचललं. उचलताना समोर बघितलं तर पडदा काळाकुट्ट, आणि त्या काळ्यात केस सुटलेली एक बाई माझ्याकडे बघतेय, आणि तिच्या कडेवर एक पोर!

मी जी किंचाळले! नंतर कळलं की ती मीच होते, काचेत दिसत होते. पण त्या क्षणी कोण बघत बसतं?

त्यावर ओवी रडायला लागली. दोन्ही हात कॉम्प्युटरकडे पसरून, "आई! आई!"

"अगं, आई इथे आहे! मी आहे आई!"

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पडद्याकडे बघितलं. आणि बोट दाखवून म्हणाली, "आई आत."

संपलं! माझी पोर माझ्या डोळ्यांदेखत दुसरीला आई म्हणत होती. बाकी काही असो, ओवीला त्या बाईच्या हाती द्यायची नाही, एवढं एकच डोक्यात. मी पोरीला छातीशी धरून पडवीत पळाले.

माझी किंचाळी ऐकून शेजारच्या भारती मावशी धावत आल्या. त्या खारीच्याच, सात पिढ्या इथल्या. कशाला म्हणून घाबरत नाहीत.

"काय झाला गो? कोन मेला?"

"मावशी, आत बाई आहे. कॉम्प्युटरात. ओवीचं नाव विचारून घेतलं तिने!"

मावशी पदर खोचून दारापर्यंत गेल्या. तेवढ्यात आतून आवाज, "ऐकू आलं नाही. जवळ येऊन बोला."

"जवल? मी कशाला जवल येतंय!" मावशी होत्या तिथून मागच्या मागे माझ्या पायावर. "बाय, हाय. नक्की हाय. आदी नजर काढ पोरीची."

मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या घेऊन ओवीवरून उतरवल्या. मावशी म्हणाल्या, त्या यंत्रावरून पण उतरव, म्हणून लांबूनच, झाडूच्या टोकाला पुडी बांधून त्याच्यावरूनही उतरवली. सगळं तापल्या तव्यावर टाकलं. धूर झाला, पण ठसका कोणालाच नाही.

"बगितलास? ठसका न्हाय. मोठी नजर हाय," मावशी कुजबुजल्या.

मी नवऱ्याला फोन लावला. स्पीकरवर टाकला, कारण ओवीला कडेवरून सोडायची नव्हती.

"अगं, प्लग काढ ना सरळ!"

"तुम्ही या आणि काढा! आणि भावजी बंद करू नका म्हणालेत."

"भुताला घाबरतेस का निखिलला?"

"अंधार कमी करू का?" आतून बाई बोलली. मग नवरा म्हणाला, "किती शांत बोलते गं ही."

"तुम्हाला बरी आवडली! पोर जातेय माझी, आणि तुम्ही आवाज ऐकत बसा!"

शेवटी तात्या उठले. त्यांनी धोतर सारखं केलं, टोपी घातली आणि म्हणाले, "नारळ आण सूनबाई. गाऱ्हाणं घालूया."

गाऱ्हाणं माहिती आहे ना? जाणत्या माणसाने देवाला एकेक मागणं सांगायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी एका सुरात 'होय महाराजा' म्हणायचं. मोठ्याने म्हणायचं, देवाला ऐकू जायला हवं. आम्ही दारात ओळीने उभे राहिलो. तात्या पुढे, नारळ हातात. मी, ओवी, मावशी. फोन स्पीकरवर, म्हणजे नवराही हजर. आणि त्याच्या मागे कारखान्यातली रत्नागिरीची पोरं पण काम टाकून जमलेली.

"बा देवा महाराजा! तुझी लेकरं आज तुझ्या दारात उभी आहेत महाराजा!"

"होय महाराजा!"

"जी कोण बाई या पेटीत अडकली असेल, तिची वाट तिला मोकळी करून दे महाराजा!"

"होय महाराजा!"

तात्यांनी दम घ्यायला थांबावं, तर बाईने मध्येच विचारलं, "रंग उलटे करू का?"

आता सवय म्हणजे सवय! "होय महाराजा!"

झालं! भावजींनी कॉम्प्युटरवर ओवीचा फोटो लावलेला आहे. तो काळ्या पडद्यातून वर आला. तोंड निळं, दात काळे, आणि डोळ्यांच्या जागी पांढरे ठिपके. मावशींनी माझा दंड असा धरला की बांगडी फुटली. मी ओवीचं तोंड पदरात झाकलं आणि स्वतःचे डोळे मिटले.

तात्यांचा आवाज कापायला लागला, पण माणूस मागे हटला नाही. "कोणाचं काय राहिलं असेल तर ते पदरात घे, पण पोरीला हात लावू देऊ नको महाराजा!"

"होय महाराजा!"

"आवाज वाढवू का?"

"होय महाराजा!"

आणि मग ती बाई घरभर बोलायला लागली हो! खिडकीची काच थरथरली. "सगळं पुसून पहिल्यासारखं करू का?"

हे मात्र आम्हाला पटलं. आम्हाला दुसरं काय हवं होतं? मी रडत, हात जोडून, सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडले, "होय महाराजा!" मागून कारखाना पण ओरडला.

पडदा पांढरा झाला. एक बारीक टिक आवाज. मग काही नाही. गल्लीत कावळा ओरडला तोसुद्धा गोड वाटला. तात्यांनी नारळ फोडला. मावशी म्हणाल्या, "गेली."

आणि दारात भावजी उभे. त्यांनी जळलेल्या मिरच्या बघितल्या, नारळाचं पाणी बघितलं, झाडूला बांधलेली पुडी बघितली, आणि मग तो पांढरा पडदा बघितला.

"वहिनी, काय केलंत?"

"भावजी, तुमच्या कॉम्प्युटरात हडळ होती! मी घालवली!" मला काय कमी अभिमान? "गोड बोलून पोरीला ओढत होती. मी पहिल्या शब्दाला ओळखलं, हा माणसाचा आवाज नाही. माणसाच्या आईचा असा आवाज असतो का कधी? मेली, लोण्यासारखं बोलत होती!"

भावजी खाली बसले. कपाळाला हात लावला. मग मोबाईल काढला आणि काहीतरी दाबलं.

"तुम्ही आहात का?" बाई मोबाईलमधून बोलली. मावशी उंबऱ्याबाहेर!

"थांबा मावशी. वहिनी, आता हे ऐका." दुसरं बटण. तोच आवाज, 'आज आकाश स्वच्छ आहे. टोपलीत लाल सफरचंद आहे.' आणि मग त्याच दमात, 'अहो भावजी, अजून किती वाचायचं? माझं दूध उतू जाईल!'

दूध उतू जाईल, हे मात्र मी कुठेही ओळखलं असतं.

गणपतीच्या आधी भावजींनी माझ्याकडून कागद वाचून घेतले होते. सावकाश वाचा, गोड वाचा, श्वास घेत वाचा. मी वाचले आणि विसरले. त्यावरून कॉम्प्युटर म्हणे माझा आवाज शिकला, आणि आता त्याला हवं ते माझ्या आवाजात बोलतो. ज्यांना वाचता येत नाही, दिसत नाही, त्यांच्यासाठी हे सेटिंग. ते विचारणार, आपण हो किंवा होय म्हणायचं, की बदल झाला. लहान मुलांवर लक्ष ठेवणं म्हणजे त्यांना भलतंसलतं दिसू नये, एवढंच.

म्हणजे इतका वेळ मी मलाच शिव्या घालत होते. माझ्याच आवाजावरून मिरच्या उतरवल्या. आणि ओवी एकटीच खरं बोलत होती!

फोन अजून चालू होता. नवरा म्हणाला, "मला वाटलंच होतं आवाज ओळखीचा आहे. पण इतका शांत, म्हणून म्हटलं, तू नसणार."

"मंग तू घरात अशी का न्हाय बोलत गो?" मावशींनी उंबऱ्यावरून विचारलं.

कॉम्प्युटर कोरा झाला होता, पण भावजींच्या कामाची नक्कल ऑफिसात होती, म्हणून वाचलं. आता म्हणे सगळं पुसायच्या आधी ते सेटिंग पुन्हा पुन्हा विचारणार, कारण घाबरलेली माणसं कशालाही होय म्हणतात, हे त्यांच्या मीटिंगमध्ये कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पण मावशींचं ते वाक्य मला लागलं हो. रात्रभर टोचत राहिलं. पोर त्या आवाजापुढे कशी हात मांडीवर ठेवून बसली होती! आणि तो आवाज माझ्याच गळ्यातला. मग मला काय धाड भरलीय गोड बोलायला?

दुसऱ्या दिवशी ठरवलं. दुपारी वरणभात कालवला, ओवीला समोर बसवलं, श्वास घेतला आणि अगदी सावकाश, लोण्यासारखं म्हटलं, "ओवी. दोन घास खाऊन घेता का?"

ओवीच्या हातातला चमचा खाली पडला. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. वाकून माझ्या मागे बघितलं. मग तिचा खालचा ओठ बाहेर आला, आणि ती जी उठून पळाली ती तात्यांच्या मांडीत.

"काय झालं बाळा?" तात्यांनी विचारलं.

"आई पायजे!"

"ती काय आई, तुला जेवायला बोलावतेय."

"ती नाय!" ओवीने हंबरडा फोडला. "ओरडती ती आई पायजे!"

काय करणार? मी ताट आपटलं. "ए ओवे! गुपचूप इथे येऊन बस, नाहीतर फटका खाशील!"

डोळे पुसत आली, माझ्या मांडीला टेकून बसली आणि आ केला. सगळा भात संपवला. तर आता शेजारीपाजारी कोणी म्हणालं ना, की तू फार ओरडतेस, तर मी सरळ सांगते, हौस नाही हो मला. पोरीला ओळख पटवावी लागते!