पाचव्या ओळीतलं वजन

मी उभ्यानं चहा का पितो, हे तुम्ही तिसऱ्यांदा विचारताय. तेव्हा एकदाच सांगून टाकतो. बसता येत नाही म्हणून. आणि बसता का येत नाही, ही गोष्ट खरं म्हणजे माणसानं चारचौघांत काढू नये. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली, एका कागदात कधी चूक निघाली नाही. निवृत्त झाल्यावर एकच कागद तयार केला आणि त्यानं मला आडवा केला.

सुरुवात आमच्या हिच्यापासून. सुशीलाला चैत्रात लकवा झाला. उजवी बाजू गेली. डोकं शाबूत राहिलं, आणि जीभ जरा अडखळायला लागली तरी तिची धार तेवढीच राहिली. सकाळी खाटेवरून उचलून खुर्चीत बसवायचं, संध्याकाळी ओट्यावर न्यायचं. ओट्यावरून तिला रस्ता दिसतो. म्हसावदकडे जाणारी एसटी दिसते, केळीचे ट्रक दिसतात, कोण कोणाकडे गेलं आणि किती वेळानं निघालं हे दिसतं. एवढंच तिचं उरलं होतं. आत खाटेवर पडली की समोर भिंत आणि भिंतीवर कालनिर्णयाचं पान. ते वाचायला किती वेळ लागतो?

उचलायला तुळसाबाई होती. धडगावकडची, हातापायानं भक्कम. पण दिवाळी झाली की ती नवऱ्याबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जाणार, हे ठरलेलं. मग सुशीलाला उचलायचं कोणी? मी चौसष्ट वर्षांचा. आयुष्यात उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे आवक-जावक नोंदवही.

एकदा तुळसाबाई आली नाही तेव्हा मी प्रयत्न केला. दोघंही जमिनीवर बसलो. ही माझ्याकडे बघून म्हणाली, "आते दोन्ही जनस्ले कोन उचली?"

(मी घरीसुद्धा कचेरीची मराठी बोलतो आणि ती मला अहिराणीत उत्तर देते. लग्न झाल्यापासून हेच चाललंय, आणि पहिल्या दिवसापासून तीच जिंकते आहे.)

त्या दिवशी समोरच्या सलीमभाईंनी आणि त्यांच्या बायकोनं, जुबेदाभाभींनी, येऊन आम्हाला उठवलं. सलीमभाई सुतार. सागाच्या फळ्या एकटे खांद्यावर टाकतात. मला लाज वाटली. दिवाळीला तीन महिने होते. मी ठरवलं, अंगात ताकद आणायची.

आता शहाद्यात ताकद कुठे मिळते? स्टँडजवळ खताच्या दुकानावर एक जिम निघाली आहे. खाली युरियाचा वास, वर घामाचा. सगळ्या भिंतींना आरसे. एक मी आत शिरलो की आठ म्हातारे दिसायचे, आणि त्यातला एकही आशादायक नव्हता.

तिथले ट्रेनर विकीसर. वय तिशीच्या पुढे. आधी ठिबकच्या नळ्या विकत होते. वरून वडाचं खोड, खाली पऱ्हाटीच्या काड्या. पायांचा व्यायाम आरशात दिसत नाही म्हणून ते करत नसावेत.

"आप्पा, टार्गेट काय शे तुमनं?"

"पत्नीला उचलायचंय."

विकीसरांनी मला वरून खाली न्याहाळलं. मग म्हणाले, "भारी शे. वजन कितलं वहिनीनं?"

"बावन्न किलो."

"मंग काही टेन्शन नही. तीन महिनामा साठ उचली लेशात."

हे वाक्य ऐकून मला इतकं बरं वाटलं, की पुढची दोन वाक्यं मी तपासलीच नाहीत. पहिलं, मधे पाणी प्यायचं नाही, स्नायू धुपतात. माती धुपते ते मला माहीत होतं. स्नायूही धुपतात हे ठिबकवाल्याकडून कळलं. दुसरं, दुखायला लागलं की थांबायचं नाही. दुखणं म्हणजे लागू पडणं.

"हे तुम्ही कुठे शिकलात?" मी विचारलं.

त्यांनी मोबाइल दाखवला. त्यात एक माणूस हिंदीत ओरडत होता.

आता मी पडलो कारकून. तोंडी आदेशावर मी आयुष्यात काम केलेलं नाही. तोंडी आदेश पाळणाऱ्यांची पेन्शन कशी अडकते हे मी जवळून पाहिलंय. मी म्हणालो, "सर, मला हे लेखी द्या."

"लेखी?" विकीसर हसले. "तुम्हीच लिखी ल्या आप्पा, मी सही करी देस."

तुम्ही कचेरीत नोकरी केली असती तर इथेच सावध झाला असता. मी केली होती, म्हणून झालो नाही. मसुदा कारकुनानं करायचा आणि साहेबांनी सही करायची, ही तर जगाची रीत. मी फुलस्केप घेतला, पट्टीनं रेघा मारल्या. अनुक्रमांक, व्यायामाचा प्रकार, वजन, किती वेळा, शेरा. विकीसर आरशासमोर स्वतःच्या दंडाचं चित्रीकरण करत सांगत होते, मी लिहीत होतो.

चौथी ओळ होती पायांनी ढकलायच्या यंत्राची. वजन साठ किलो. शेरा: दुखले तरी थांबू नये. पाचवी ओळ होती जमिनीवरची लोखंडी कांब वाकून उचलण्याची.

"हिचं वजन?"

"ते मंग देखसूत."

मंग देखसूत, म्हणजे नंतर बघू, असा रकाना माझ्या नोकरीत कधी नव्हता. कोरा रकाना राहिला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो. चौतीस वर्षांत मी एकही रकाना कोरा सोडलेला नाही. माहिती नसेल तर आपण काय करतो? वरच्या ओळीखाली "कित्ता" लिहितो. कित्ता, म्हणजे वरीलप्रमाणे. हात आपोआप गेला. वजन: कित्ता. शेरा: कित्ता. तक्ता कसा भरगच्च दिसायला लागला.

विकीसरांनी न वाचता सही केली आणि जिमचा गोल शिक्का मारला.

आणि तिथेच सगळं बदललं. सहीपर्यंत तो माझाच कागद होता, माझ्याच अक्षरातला. शिक्का बसल्याबरोबर तो माझा वरिष्ठ झाला. आपण लिहिलेला मसुदा सही होऊन परत आला, की त्यापुढे मान आपोआप खाली जाते. मी त्याला प्लास्टिकचं आवरण घातलं आणि हिच्या खाटेसमोर कालनिर्णयाशेजारी टांगला. तिला वाचायला आणखी एक पान झालं.

अडीच महिने मी पहिल्या चार ओळी निष्ठेनं पाळल्या. पाचवी शेवटच्या पंधरवड्यात घ्यायची होती. पायांना खरंच जोर आला. हिनंही पाहिलं. एक दिवस मी धान्याची कोठी सरकवली तेव्हा म्हणाली, "बरं शे. कोठी आते रोज ओटावर न्या."

त्याच सुमारास सलीमभाई ओट्यावर येऊन बसले. मी त्यांना अंगणात पाचव्या ओळीची तालीम दाखवली, रिकाम्या काठीनं. ते बघत राहिले आणि त्यांनी कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागे ठेवली.

"आप्पा, कंबरवर नका उचला. गुडघा वाकाडा. वज्जं पोटले लायी ल्या."

"तक्त्यात तसं नाही."

"तक्तामा नसू द्या. मी सागना पाट असाच उचलस."

मी विचारलं, आणि हे आठवलं की अजून मान खाली जाते, "सलीमभाई, तुमच्याकडे याबाबत काही लेखी आहे का?"

त्यांनी हात कमरेवर ठेवला. "लेखी काहीच नही आप्पा. फक्त कंबर शे. चाळीस वरीसनी."

मी त्यांना चहा दिला. सल्ला घेतला नाही.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी, सोमवारी, मी पाचव्या ओळीपाशी आलो. कांबीला दोन्ही बाजूंनी चकत्या लावायला सांगितलं.

विकीसर मोबाइलमधून वर आले. "साठ? आप्पा, पहिला दिन साठ? कोनी सांगं?"

मी तक्ता पुढे केला. त्यांनी तो वाचला. माझ्या माहितीप्रमाणे पहिल्यांदाच. वरून खाली आले, कित्त्यापाशी थांबले, मग सहीपाशी. चेहऱ्यावर जरा शंका आली आणि गेली.

"मन्हीच सही शे," ते म्हणाले. "मंग बरोबरच व्हई."

म्हणजे बघा, ज्यानं लिहिलं तो सहीवर विसंबला आणि ज्यानं सही केली तोही सहीवरच विसंबला. सरकार असंच चालतं. कंबर तशी चालत नाही, हे आम्हा दोघांना माहीत नव्हतं.

मी वाकलो. कांब धरली. ती जमिनीपासून वीतभर उठली आणि कमरेत कळ आली.

"दुखी ऱ्हायनं का?" विकीसरांनी विचारलं.

"हो."

"मंग लागू पडी ऱ्हायनं."

शेऱ्याच्या रकान्यात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी थांबलो नाही. आणखी वीतभर. मग फाइलची नाडी तुटावी तसं आत काहीतरी तटकन तुटलं. कांब खाली पडली, मी तसाच राहिलो. वाकलेला. आठही आरशांत आठ म्हातारे नमस्कार करायला वाकलेले. उठता कोणालाच येईना.

सलीमभाईंना बोलावलं. त्यांनी गुडघे वाकवले, मला पोटाशी घेतलं आणि युरियाच्या वासातून जिना उतरले. 'सांगं व्हतं ना' म्हणाले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय काढायला लावला, मणक्यातली गादी सरकल्याचं सांगितलं. तीन आठवडे सपाट झोपायचं. "आणि यापुढे वजन नाही. भरलेली बादलीसुद्धा नाही."

"किती दिवस?"

"दिवस नाही म्हणत मी."

मग त्यांनी तक्ता मागितला. बराच वेळ पाहिला. "अक्षर चांगलं आहे," म्हणाले.

घरी हिच्या खाटेसमोर माझी खाट टाकली. माझ्या डोक्यावर भिंतीला तक्ता. मी पडल्या पडल्या मनात तक्रार अर्ज तयार करत होतो. विषय, संदर्भ, महोदय. विकीसर डझनभर केळी घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं. "आप्पा, मी वाचंच नही. तशीच सही करी दिधी."

त्या माणसावर मी काय रागावणार? चौतीस वर्षांत वाचून सही करणारा साहेब मला भेटला नव्हता. ते गेल्यावर मात्र मी अर्ज मोठ्यानं जुळवायला घेतला. "सदर ट्रेनरने साठ किलो वजन नमूद करून…"

"कागद इकडे दखाडा," ही म्हणाली.

तुळसाबाईनं तक्ता तिच्यासमोर धरला. तसा तो तिला अडीच महिन्यांत पाठ झाला होता. तरी तिनं सावकाश वाचला.

"अक्षर तुमनंच शे."

"सही त्याची आहे."

"अन् हाई कित्ता? हाऊ बी त्यानंच सांगा व्हता का?"

मी छताकडे पाहिलं. तक्रार अर्ज तिथेच निकाली निघाला.

दिवाळी झाली. तुळसाबाई गेली. जाताना हिच्या पायावर हात ठेवून गेली. त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही दोघं आपापल्या खाटेवर होतो. तिला ओट्यावर न्यायचं म्हणून मी हे सगळं केलं होतं, आणि आता तिच्या वाट्याला भिंतीऐवजी मी आलो होतो. कालनिर्णय तरी दर महिन्याला बदलतो.

चार वाजता सलीमभाई आणि जुबेदाभाभी आले. सलीमभाईंनी माझ्या जुन्या खुर्चीला चाकं बसवली होती आणि खाटेवरून सरकायला एक गुळगुळीत फळी केली होती. कोणी मागितली नव्हती. त्यांनी जुबेदाभाभींना दोनदा करून दाखवलं. गुडघे वाकव, पोटाशी घे, सरकव. तिसऱ्या वेळी भाभींनी एकटीनं हिला खुर्चीत घेतलं आणि खुर्ची ढकलत ओट्यावर नेली. त्या दिवशी पहिल्यांदा हिच्या चेहऱ्यावर ऊन पडलेलं मला खिडकीतून दिसलं.

"सकाळ-संध्याकाळ मी येत जाईन भाभी," जुबेदाभाभी म्हणाल्या. "उठवायचं, तोंड धुवायचं, चहा पाजायचा, उन्हात बसवायचं. अन् आप्पांचं काय करायचं?"

म्हसावदची एसटी गेली. हिनं ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली, आणि मान न वळवता म्हणाली,

"कित्ता."