तीन पावलांवरची हाक

आमच्या घरात भूत-प्रेत सोडाच, राशिभविष्यावरही कुणाचा विश्वास नाही. असल्या गोष्टी सांगणाऱ्या मित्रांची मी भरपूर टर उडवली आहे... तेव्हा आता तुम्ही माझी उडवा, तक्रार नाही.

मी मास्टर्ससाठी इंग्लंडला जायच्या महिनाभर आधी आमच्या हडपसरच्या फ्लॅटमधून आईचा पितळी तांब्या नाहीसा झाला. तिच्या लग्नातला. काठाखाली कोरलेलं – 'चि. सौ. कां. नलिनी हिस, मामांकडून'. शेजारी एक पोचा – तो माझा, लहानपणी मी तांब्याने अक्रोड फोडला होता. घरातला डिटेक्टिव्ह मीच, त्यामुळे थेट हौसामावशींची पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली. चौदा वर्षं शेजारच्या मांजरी गावाहून येऊन त्या आमची भांडी घासत होत्या. पिशवीतून कोथिंबिरीची जुडी निघाली. मावशींनी ती उचलली, पिशवीत घातली, आणि पुन्हा आल्या नाहीत.

तिकडे माझं कॉलेज समुद्रकाठच्या एका छोट्या गावात होतं. मित्र बीचवर, मी दुकानांत – घ्यायचं काही नाही, भाव मात्र सगळ्याचे विचारायचे. नोव्हेंबरातल्या एका दुपारी, बोटींच्या धक्क्यामागच्या गल्लीत, जुन्या वस्तूंच्या दुकानात अगदी खालच्या फळीवर... तांब्या. नाव तेच. मामा तेच. पोच्यात माझा अंगठा बरोबर बसला.

मग मी काय केलं? घासाघीस. घरचीच वस्तू, ती पुऱ्या किमतीला कोण घेणार? अर्धी किंमत सांगितली. दुकानदार बाईंनी नुसती मान हलवली. मी तांब्या फळीवर ठेवला आणि तोऱ्यात बाहेर पडलो – मंडईत तिसऱ्या पावलाला मागून हाक येते. इथे समुद्र आला, हाक आली नाही.

धावत परत आलो तर दुकान बंद. सकाळी ते उघडायच्या आधीच दारात उभा होतो. बाई म्हणाल्या, "पितळ मी ठेवतच नाही. फक्त चिनी मातीची भांडी." खाली वाकून पाहिलं. त्या फळीवर कित्येक महिन्यांची धूळ होती, बोट लागल्याचीही खूण नाही.

आईला फोन केला.

"फोटो काढलास?"

"नाही."

"कॉफीच्या कपाचे रोज पाठवतोस." मग म्हणाली, "मावशींना मी काय सांगू?"

पुण्यात परतल्यावर मीच मांजरीला गेलो. मावशी दारात गवारी मोडत होत्या. सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी तांब्या घरी न्हाई आला."

"नाही."

"मंग अजून मीच चोर हाय की, दादा. माफी कशापायी मागता?"

मावशींच्या दारातून निघताना मी मुद्दाम सावकाश चाललो...

हाक आली नाही.